लवंगेचा वास

४ जून

प्रिय धाकट्या,

पाकीट उघडलंस हेच खूप झालं. फोन केला तर तू उचलत नाहीस, निरोप पाठवला तर वाचल्याची खूण उमटते आणि पुढे सगळं गार. म्हणून म्हटलं कागदच पाठवावा. कागद फेकायचा झाला तरी माणसाला जागेवरून उठावं लागतं.

घाबरू नकोस, घराच्या वाटणीचं काही काढलेलं नाही. बातमी एवढीच की मी चष्म्याचं दुकान सोडलं. इतकी वर्षं काचा घासल्या, फ्रेममध्ये बसवल्या, राईएवढे स्क्रू पिळले. मालक म्हणाले, "ताई, अजून थोडे दिवस काढा की." मी म्हटलं, डोळे थकले. आता दिवसभर घरात बसून असते, आणि रिकामपण मला कसं चावतं ते तुला ठाऊक आहे. शेजारणीला दोन वेळा विनाकारण बोलून झालं. मग आपल्या घराण्याची वंशावळ काढायला घेतली. हस खुशाल.

सुरुवात कुणापासून केली असेल? तर्रआजोबांपासून. पणजोबांचे हे धाकटे भाऊ साहेबाच्या राज्यात नकाशा कचेरीत नोकरीला होते आणि दारूपायी नोकरी घालवून बसले, यापलीकडे आपल्याला त्यांच्याबद्दल काडीची माहिती नाही. तू लहानपणी भिंतीला धडका देत झिंगत चालायचास आणि मी ओरडायचे, तर्रआजोबा आले, दार लावा. मग आईची चापट दोघांनाही सारखीच बसायची. आईच्या ट्रंकेत जो घराण्याचा तक्ता आहे, त्यात पणजोबांच्या शेजारी एक फांदी काढलेली आहे आणि तिला नाव नाही. कुणीतरी ते खरवडून काढलंय, कागद तिथे पातळ झालाय. शोधताना कळलं की त्या नकाशा कचेरीचं जुनं दफ्तर अजून शाबूत आहे आणि अर्ज केला तर बघायला मिळतं. अर्ज केलाय.

तुझ्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. शाळेला सुट्टी लागली की तू बाबांबरोबर पाट्या रंगवायला जायचास. ते शिडीवर आणि तू खाली रंगाचा डबा धरून. मी कधी गेले नाही, मला उन्हाचा कंटाळा. तर मला सांग, त्यांचा हात पहिल्यांदा कधी हलला? तू हाफपँटीत होतास तेव्हा, की कॉलेजात गेल्यावर? हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत असण्याची शक्यता नाही. आई असती तर तिला विचारलं असतं.

तुझ्या दुकानाच्या त्या दिवसाबद्दल मला काहीही उकरायचं नाही. फक्त हाताचं सांग. का विचारतेय ते सवडीने लिहीन.

तुझी लेक, माझी भाची कशी आहे? ती दर वर्षी माझ्या वाढदिवसाला दोन ओळी पाठवते. तुला हे माहीत नसेल तर आता कळलं, तिला ओरडू नकोस.

तू मानलंस न मानलंस तरी थोरलीच,
ताई


२२ जून

प्रिय धाकट्या,

तुझं उत्तर नाही. बरं. मी काही तोंडाला कुलूप लावून बसणारी नाही.

दफ्तरखान्यात जाऊन आले. एकदा नाही, चार-पाच वेळा. तळघरात एक लांबलचक खोली आहे, खिडक्या छताला टेकलेल्या, त्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात. तिथली बाई नाकाला कापड बांधून, हातमोजे चढवून बसते. पहिल्या दिवशी मला वाटलं हिला सर्दी आहे. ती म्हणाली, "धुळीचं आहे हो. इथे नाक उघडं ठेवलं की संध्याकाळपर्यंत तुमच्या पोटात दोन-तीन गावं जातात." मला आवडली ती. गाठोडी सोडताना कपाळावर आठी नाही, आणि साहेबाच्या भाषेतलं सगळं मला मोठ्याने आपल्या भाषेत वाचून दाखवते.

कचेरीचं काम असं चालायचं. मोजणीदार रानावनात हिंडून कच्चे नकाशे आणायचे. मग कचेरीत बसलेले नकलनवीस ते पक्क्या शाईत दुसऱ्या कागदावर उतरवायचे. रेघ केसाइतकी बारीक हवी आणि समोर जशी आहे तशीच हवी, आपलं डोकं चालवायचं नाही. समोरच्या कागदावर माशी बसून डाग पडला असेल तर तोही उतरवायचा, असं ती बाई म्हणाली. ही तिची थट्टा असावी. प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात नकलनवीसाची छोटी सही असायची.

काढून टाकलेल्यांच्या यादीत आपलं आडनाव सापडलं, त्यावरून आपल्या तर्रआजोबांची सही मी पाहिली. धाकट्या, काय हात होता त्या माणसाचा. एका समुद्रकिनाऱ्याची रेघ आहे, एवढे आत-बाहेर खाचखळगे, आणि कुठेही पेन उचलल्याची खूण नाही. मी आयुष्यभर बारीक काम केलंय, मला कळतं. दुकानात मालकाने असा हात पाहिला असता तर जावई करून घेतला असता.

मग तिने नंतरच्या वर्षांचे नकाशे काढले. एक नदी आहे. सुरुवातीला नीट वाहते, मध्यावर आल्यावर तिचे काठ थरथरायला लागतात. लहान लहान दात पडल्यासारखे. पुढच्या नकाशात जास्त. त्याच्या पुढच्यात रस्तासुद्धा हलतोय. आणि गंमत ऐक. त्यांच्यानंतर आलेल्या लोकांनी तीच नदी त्या नकाशावरून उतरवून घेतली, थरथरीसकट, कारण समोर जशी रेघ तशीच काढायची. बाईने मला नंतरचे चार नकाशे ओळीने मांडून दाखवले. चौघांचे हात अगदी स्थिर, आणि चौघांनी नदीला न चुकता तेवढेच दात काढलेले. पुन्हा मोजणी होईपर्यंत ती नदी कागदावर तशीच राहिली. मी हसले, आणि घरी येताना बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या माणसाने जागा बदलली.

त्यांची चौकशी झाली होती, त्याचे कागदही आहेत. कामावर झिंगत येतो, जिन्यात भिंतीला धडकतो, बोलणं अडखळतं, वरिष्ठांवर अचानक भडकतो. कचेरीच्या डॉक्टरने तपासलं. त्याने जे लिहिलं ते बाईने वाचलं आणि मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तोंडाला दारूचा वास नाही, लवंगेचा वास येतो, यावरून हा मनुष्य दारू लपवत असावा.

खाली तर्रआजोबांचं म्हणणं नोंदवलंय. मी थेंबही घेत नाही. लोक जवळ येऊन तोंड हुंगतात म्हणून माझी भावजय मला रोज निघताना लवंग देते, म्हणजे तोंड स्वच्छ आहे हे त्यांना कळेल. त्यांची भावजय म्हणजे आपली पणजी.

नोकरी गेलीच. ते पुढे कुठे गेले, कुठे संपले, कुणी लिहून ठेवलेलं नाही.

लवंग, धाकट्या. तुला काही आठवतं का?

ताई


१३ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र आलं. तीन ओळी का असेनात, आल्या. "ताई, मेलेल्यांना उकरून काय मिळणार आहे. बाबा पीत होते. मी स्वतः वास घेतलाय." एवढंच, तेही टाईप केलेलं. पाकिटावर पत्तासुद्धा छापून चिकटवलास. बाबांनी तुला अक्षर शिकवलं होतं, शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला मास्तर तुलाच उभं करायचे, आणि सख्ख्या बहिणीचा पत्ता तुला हाताने लिहवला नाही? असो. तुझा राग नाकावर असतो, मला सवय आहे.

तू वास घेतलास. मान्य. मी तिथेच होते. तुझ्या दुकानाचा पहिला दिवस, तुझे सासू-सासरे, गल्लीतले लोक, आणि बाबा शिडीवर शेवटचं अक्षर पुरं करत होते. ते सकाळपासून म्हणत होते की हे अक्षर मी रात्रीच करायला हवं होतं. पाय निसटला, डबा आडवा झाला, लाल रंग पाटीवरून ओघळून तुझ्या सासऱ्यांच्या पांढऱ्या शर्टावर. तू त्यांना खांद्याला धरून उभं केलंस आणि म्हणालास, "तोंड उघडा." सगळ्यांच्या देखत. त्यांनी उघडलं. शाळेतल्या मुलाने डॉक्टरपुढे उघडावं तसं. आणि तू म्हणालास, "लवंगा कशाला चघळता ते कळतं मला. आजच्या दिवशी तरी नको होतं बाबा."

ते म्हणाले, "थेंबही घेतला नाही रे." एवढंच म्हणाले. मग हातातला ब्रश पुसत पुसत घरी गेले. मीही तेव्हा तुझ्याच बाजूने होते, हे लिहून ठेवते, म्हणजे तुला एकट्याला बोलतेय असं वाटायला नको.

आता नीट ऐक. बाबा बाहेर निघाले की खिशात लवंगा असायच्या, त्या त्यांना कुणी दिल्या? आजीने. आजीचा नियमच होता, घरातल्या पुरुषाने घराबाहेर पाऊल टाकताना तोंडात लवंग ठेवायची. का, ते तिलाही माहीत नव्हतं, तिच्या सासूने लावलेली शिस्त. तिची सासू म्हणजे तीच, तर्रआजोबांची भावजय. एका माणसाला वाचवायला निघालेली लवंग ती पुढे घरभर देत राहिली आणि त्या लवंगेनेच दोघांना बुडवलं.

माझ्या ओळखीत एक डॉक्टरीणबाई आहेत, मेंदूच्या आणि नसांच्या. त्यांना मी नकाशांचे फोटो दाखवले. बाबांचं सगळं सांगितलं, चाल, अडखळणं, अधूनमधून उसळणारा राग, शेवटच्या वर्षी चहाचा कप दोन्ही हातांनी धरणं, आणि तो जिना, ज्यावरून ते पडले. त्या म्हणाल्या, हा आजार आहे. रक्तातून येतो. माणूस तरुणपणी ठणठणीत असतो, मग चाळिशी-पन्नाशीला हात, पाय, जीभ आपापल्या मर्जीने वागायला लागतात आणि बघणाऱ्याला माणूस प्यायलाय असं वाटतं. मी म्हटलं, मग आमच्या पणजोबांना आणि आजोबांना कसा नव्हता? त्यांनी विचारलं, ते किती वर्षांचे होऊन गेले? पणजोबा पटकीत तिशीच्या आत गेले, आजोबा होडी उलटून, बाबा तेव्हा रांगत होते. त्या म्हणाल्या, मग तो दिसायला त्यांना वेळच मिळाला नाही.

आपल्या घरात या आजाराला नाव नव्हतं, म्हणून जे नाव हाताशी होतं ते आपण दिलं. आणि मग एकाने काढलेली रेघ बाकीच्यांनी तशीच उतरवली.

बाबा प्यायचे नाहीत, धाकट्या. एकदाही नाही. हे तुला लिहिणं सोपं नाही, कारण तू त्यांच्या अंत्यविधीला आला नाहीस आणि आता हे वाचल्यावर तुझं काय होईल ते मला इथे बसून दिसतंय. लपवता आलं असतं तर लपवलं असतं. पण आई-बापापैकी एकाला हा असला तर मुलाला असण्याची शक्यता निम्मी. ज्याला नाही, त्याच्या मुलांनाही नाही. रक्त तपासून कळतं. तुला आधी कळायला हवं, मग भाचीला कळेल तिने घाबरायचं की नाही. तिच्या लग्नाचं बघताय असं ऐकलं. म्हणून घाई करतेय, उगाच तुझ्या मागे लागलेली नाही.

हाताचं अजून सांगितलं नाहीस.

ताई


२ ऑगस्ट

धाकट्या,

आज तुझ्यावर ओरडणार नाही.

काल भाचीचं पत्र आलं. माझा वाढदिवस नव्हता, म्हणून दारातच उभं राहून पाकीट फोडलं. तिने जसं लिहिलंय तसं उतरवते.

"आत्या, कुणाला विचारू कळत नाही म्हणून तुला विचारते. बाबा पितात का? आधी कधी प्यायचे का? हल्ली त्यांचा तोल जातो. जेवताना चमचा हातातून पडतो, मग आमच्यावरच चिडतात. गाडी चालवायची सोडली. आईला विचारलं तर ती विषय बदलते. मी एकदा जवळ जाऊन वास घेतला तर नुसता लवंगेचा वास आला. खिशातही लवंगा सापडल्या. ते वास लपवतात असं मला वाटतं. मला त्यांची फार लाज वाटायला लागली आहे आणि लाज वाटते याचंही वाईट वाटतं."

मग तुझ्या तीन ओळी पुन्हा काढल्या, टाईप केलेल्या, आणि तो छापील पत्ता. मला मेलीला तेव्हाच कळायला हवं होतं.

तुला आधीपासून माहीत होतं ना रे? माझं पहिलं पत्र यायच्याही आधी? त्यांचा हात पहिल्यांदा कधी हलला हे मी विचारलं आणि तू उत्तर दिलं नाहीस, कारण ते सांगायचं तर स्वतःचा हात कधी हलला तेही सांगावं लागलं असतं. आणि बाबा पीत होते हे तुला खरंच हवं होतं. ते पीत असतील तर मग तुझं काय चाललंय ते दुसरं काहीतरी असेल. थकवा असेल, कामाचा ताण असेल. आणि कुणी तोंड हुंगेल या धास्तीने तूही खिशात लवंगा ठेवायला लागलास. मी तुला दोष देत नाही. मीही डोळे थकले असंच सांगितलं होतं.

हो. डोळ्यांना काही झालेलं नाही. स्क्रू हातात राहीनात. एका म्हाताऱ्या गृहस्थांची नवी काच माझ्या हातून पडली, मग दुसरी पडली. ओळखीतली डॉक्टरीणबाई वगैरे सगळं खोटं, ती माझीच डॉक्टर. घरात आणखी कुणाला होतं का, असं तिने विचारलं आणि मला उत्तर देता येईना, म्हणून ती वंशावळ. रक्ताचा निकाल जूनच्या आधीच आला होता. मला आहे.

मूल नाही याचं आयुष्यभर वाईट वाटलं, आता त्यातल्या त्यात बरं वाटतं. तुझं तसं नाही, तुझ्या मनात काय चाललं असेल ते मला कळतंय. पण भाचीलाही निम्मी शक्यता नसण्याची आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, आजार जात नाही पण हातपाय थोडे आवरायला औषधं आहेत, चालायचं, गिळायचं कसं ते शिकवणारी माणसं आहेत. तर्रआजोबांना यातलं काही मिळालं नाही. बाबांनाही नाही. तुला मिळू शकतं.

भाचीला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. मी लिहिणारही नाही, निदान हे पत्र तुला मिळेपर्यंत. ते तू सांगायचं आहेस. तिला समोर बसव, तुझ्या बायकोलाही बोलाव, आणि खिशातल्या लवंगा काढून टेबलावर ठेव. कुठून सुरुवात करायची सुचलं नाही तर नदीची गोष्ट सांग. सोबत दोन नकाशांचे फोटो पाठवतेय, एक समुद्रकिनाऱ्याचा, एक नदीचा. मग बाबांचं सांग. दुकानाच्या दिवसाचंही सांग, त्यातलं काही गाळू नकोस, म्हणजे तिच्याकडून तसं होणार नाही. ती एकदा वास घेऊन गेली आहे. पुढच्या वेळी चारचौघांत तोंड उघडा म्हणाली तर तू काय म्हणशील ते आपल्या दोघांनाही पाठ आहे, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही हेही.

रडायचं असेल तर इकडे ये. मी एकटीच असते. बाबांचे ब्रश अजून आहेत, आईने तेल लावून गुंडाळून ठेवले होते, केस मऊ आहेत. तक्त्यावरच्या त्या रिकाम्या फांदीवर मला तर्रआजोबांचं खरं नाव लिहायचं आहे. मला ते आता कळलं आहे. पण कागद तिथे पातळ झालाय आणि माझ्या हाताने तो फाटेल. तू ये, आपण दोघं मिळून लिहू. मी कागद दाबून धरीन, तू लिही. वाकडं आलं तरी चालेल.

या पत्राला पाच कागद वाया गेले. हा सहावा. यातही ओळी चढल्या-उतरल्या आहेत, काही अक्षरं तुला लावावी लागतील. टाईप करून घेता आलं असतं, मुद्दाम केलं नाही. अक्षर बघून मनात काही आणू नकोस. मी थेंबही घेतलेला नाही.

तुझी
ताई